सतरा, आल्मा स्ट्रीट

मंगळवारी काउन्सिलच्या बाई येणार होत्या,
म्हणून सोमवारी रात्री घरमालक हॅलस्टेडचा फोन आला :
पाच म्हणायचं. परवान्यावर पाच आहेत.

परवाना दारामागे टांगलेला, काचेच्या चौकटीत.
आईनं त्याच्या शेजारीच मरियमची तसबीर लावली होती.
बाहेर पडताना ती दोघांकडेही बघून छातीवर क्रूस काढी.

किफ्लोममामा आणि वेल्दू चिकनच्या फॅक्टरीतून
सकाळी सहाला आले ते झोपलेच नाहीत.
तळघरातली त्यांची गादी आम्ही गुंडाळून
कोळशाच्या जुन्या कोनाड्यात कोंबली
आणि ते दोघे कालव्याच्या कडेनं
चालत राहिले दुपारपर्यंत,
फेब्रुवारीत,
बदकांना घालायला खिशात काही नसताना.

मी नऊ वर्षांचा. शाळा बुडवून घरी,
कारण घरात इंग्रजी फक्त मला येत होतं.

बाईंचं नाव एन्टविसल.
पायपुसण्यावर इतका वेळ बूट पुसले
की आई ओशाळली.
इथे किती जण झोपतात, त्यांनी विचारलं.
मी आईला तिग्रिन्यात म्हटलं, पाचच ना?
आई म्हणाली, देवा, मला क्षमा कर.
मी इंग्रजीत म्हटलं, पाच.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं
तर भांडं तरी नीट लपवावं.
न्हाणीघरात काचेच्या ग्लासात सात ब्रश.
बाईंचे ओठ हलताना मी पाहिले.
दोन पाहुण्यांचे आहेत, मी म्हणालो,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
पाहुणे दात घासायला येतात? बाईंनी विचारलं,
हसल्या मात्र नाहीत.

मग कपाट सरकवलं.
भिंतींना कान असतात म्हणे.
आमच्या भिंतीला फुफ्फुसं होती, काळी पडलेली,
आणि तिच्याला लागून सेनाइतची खाट.
रात्री घरघर कुणाची, ते सांगता येत नसे.
बाईंनी पिवळ्या यंत्राच्या दोन सुया भिंतीत टोचल्या,
लस टोचावी तशा. यंत्र लाल झालं.

जिन्यावरचा धुराचा अलार्म दाबला. गप्प.
उघडला. रिकामा.
बॅटरी कुठंय?
ती मामाच्या रेडिओत होती. रविवारी पहाटे
तो कानाला लावून अस्मराच्या बातम्या ऐकायचा,
खरखर जास्त, बातमी कमी.
हा प्रश्न मी आईला सांगितलाच नाही.
पण ती छताकडे बघू लागली.

बाईंनी पिवळ्या यंत्राचं झाकण सरकवलं,
त्यातली बॅटरी काढली, खुर्चीवर चढल्या.
अलार्म असा किंचाळला की सेनाइत रडायला लागली.
पुढच्या खोल्यांत त्यांनी
भिंतींवर नुसता तळवा टेकवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवतात तसा,
आणि काहीबाही लिहिलं.

जाताना कागदावर आकडा घातला.
समोरून, उलटा, तरी मला वाचता आला.
सात.
माझ्याकडे बघून म्हणाल्या,
बँक स्ट्रीटला मी एकदा पाच लिहिले होते.
काय म्हणते ती? आईनं विचारलं.
मी म्हणालो, कुठलातरी पत्ता सांगतेय.

अठ्ठावीस दिवसांनी बाई परत आल्या
तेव्हा भिंत दुधाळ रंगाची होती,
गादी नव्हती, ब्रश पाच होते.
त्यांनी रंगावर तळवा ठेवला, बराच वेळ,
मग रुमालाला पुसला.
अलार्मचा हिरवा ठिपका लुकलुकत होता
त्यांच्याच बॅटरीवर.

बँक स्ट्रीट मी पुढे शोधून काढली.
घरांच्या सलग रांगेत मधेच एक मोकळी जागा आहे,
काढलेल्या दाताएवढी.
तिथे आता गाड्या लावतात.

मामा बोल्टनहून फोन करतो.
त्या बाईला अजून शिव्या घालतो, तिग्रिन्यात, मनापासून :
पाच लिहिले असते तर तिचं काय गेलं असतं?
मी ऐकून घेतो.
तिचं ते एक वाक्य अजून माझ्याकडेच आहे,
इंग्रजीत.